ऑगस्टमधला मंगळवार आणि सेल्माचा मतटक्का

अलाबामातल्या सेल्मा शहराचं नाव निघालं की एडमंड पेटस पूल आठवतो आणि ७ मार्च १९६५ चा रविवार आठवतो. मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या निःशस्त्र कृष्णवर्णीय नागरिकांवर त्या दिवशी राज्य पोलिसांनी पुलापाशी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. पाच महिन्यांनी, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. त्यामुळे या शहरात महापौरपदाच्या किंवा नगरपरिषदेच्या निवडणुकीला टक्का घसरला की एक वाक्य ठरल्यासारखं ऐकू येतं: आजोबांनी रक्त सांडलं आणि नातवंडं घराबाहेर पडत नाहीत.

हे वाक्य लोकांवर अन्याय करणारं आहे आणि निदान म्हणूनही चुकीचं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या शहरांत किती लोक मत देतात हे त्यांच्या मनाच्या उमेदीपेक्षा निवडणुकीची तारीख, यादीची पद्धत, मतदानाच्या वेळा आणि दुसऱ्या फेरीचा नियम यांवर जास्त अवलंबून असतं. या चारही गोष्टी कायद्याने ठरतात, म्हणजे त्या बदलता येतात. लोकांना दोष दिला की बदलण्याची जबाबदारी मात्र कुणावरच राहत नाही.

आधी टक्का म्हणजे नेमकं काय ते पाहू. भागाकारात वरचा आकडा, म्हणजे पडलेली मतं, निर्विवाद असतो. वाद असतो तो भाजकाचा. समजा एका शहरात मतदारयादीत १५,००० नावं आहेत आणि ६,००० मतं पडली. टक्का ४०. यादीतली २,५०० नावं गाव सोडून गेलेल्यांची किंवा मृतांची असतील तर खरा भाजक १२,५०० आणि टक्का ४८. आणि शहरात अठरा वर्षांवरचे नागरिक १४,००० असतील तर त्यांच्या हिशेबाने टक्का ४३. एकच निवडणूक, तेवढीच मतं आणि तीन वेगवेगळे मथळे.

सेल्मासारख्या आकसत चाललेल्या शहरात ही चूक आणखी मोठी होते. १९६० च्या जनगणनेत इथे २८,३८५ लोक होते, २०२० मध्ये १७,९७१ उरले. त्यात १२ जानेवारी २०२३ च्या टोर्नेडोने (वावटळीसारख्या फिरत्या वादळाने) शहराच्या मध्यभागातून वाट काढली, घरं पडली, माणसं नातेवाइकांकडे, दुसऱ्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) गेली. त्यांची नावं मात्र यादीवर राहतात, आणि ती तशी राहणंच योग्य आहे. अलाबामात दर चार वर्षांनी प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला पत्त्यावर कार्ड जातं. ते परत आलं तर नव्या पत्त्यावर पोहोचू शकेल असं दुसरं कार्ड जातं, आणि त्यालाही उत्तर नसेल तर नाव ‘निष्क्रिय’ गटात जातं. १९९३ च्या संघराज्य कायद्यानुसार त्यानंतरच्या दोन सार्वत्रिक निवडणुका त्या माणसाने मत दिलं नाही तरच नाव काढता येतं. निष्क्रिय गटातला मतदार केंद्रावर आला तर आपला तपशील नव्याने भरून देऊन मत देऊ शकतो. पण ही तरतूद केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला माहीत नसेल, तर तो माणूस ‘तुमचं नाव दिसत नाही’ एवढंच ऐकून परत जातो. गेल्या निवडणुकीपेक्षा टक्का घसरला असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: दोन्ही वेळा निष्क्रिय नावं भाजकात धरली होती का? निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता नियमांकडे. या राज्यात नियमांनी मतदान घडवण्याचा आणि मोडण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. १९०१ ची अलाबामाची राज्यघटना गोऱ्यांचं वर्चस्व टिकवण्यासाठीच लिहिली जात आहे, असं घटना परिषदेच्या अध्यक्षांनी उघडपणे सांगितलं होतं. साक्षरतेची अट आली, मालमत्तेची अट आली. मतकर आला: वर्षाला दीड डॉलर, न भरलेली रक्कम साचत जाणारी, चोवीस वर्षांची थकबाकी ३६ डॉलरपर्यंत. शेतमजुराच्या घरात तेवढी रोकड एकत्र कधी दिसत नसे. १९०० च्या सुमारास राज्यात १ लाख ८० हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय मतदार होते, दोन-तीन वर्षांत ते तीन हजारांच्या घरात आले. त्या लोकांना मतदानाचा कंटाळा आला होता, असं आज कुणीही म्हणणार नाही.

सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे १९६१ मध्ये मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय नागरिक होते आणि नोंदणी होती दीडशेच्या आसपास. नोंदणी कार्यालय महिन्यातून दोन सोमवार उघडायचं. रांग लांब, अर्ज अनेक पानांचा, घटनेच्या कलमांवर प्रश्न, आणि आधीच नोंदलेला एखादा मतदार ओळख पटवायला हवा. तो ओळख देणारा गोराच असणार, कारण नोंदलेले बहुतेक तेच. उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारी ठरवणार. १९६५ चा कायदा झाल्यावर काही दिवसांत केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी सेल्मात येऊन बसले आणि काही महिन्यांत हजारो नावं चढली. माणसं तीच होती, बदललं होतं ते कार्यालय. पुढच्याच वर्षी, मे १९६६ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलिसप्रमुख, जिम क्लार्क यांचा विल्सन बेकर यांच्याकडून पराभव झाला. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या सहा पेट्या बाजूला काढून ठेवण्याचा प्रयत्न झाला होता, न्यायालयाच्या आदेशाने त्या मोजल्या गेल्या.

मतदान कोणत्या बाजूला होतं हे समजून घ्यायलाही थोडा तपशील हवा. अलाबामात नोंदणीच्या अर्जावर वंशाची नोंद असते. जॉर्जिया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि दोन्ही कॅरोलायनांतही असते. त्यामुळे कोणत्या वंशाच्या किती लोकांनी मत दिलं हे या राज्यांत यादीवरून थेट मोजता येतं. मत कुणाला दिलं हे अर्थातच गुप्त. ते अंदाजाने काढतात: जिथे जवळजवळ सगळे मतदार एकाच वंशाचे आहेत अशी केंद्रं आधी पाहायची, मग सगळ्या केंद्रांवर वंशाचं प्रमाण आणि उमेदवाराची मतं यांचा संबंध संख्याशास्त्राने तपासायचा. दोन्ही पद्धतींचं उत्तर जुळलं तर न्यायालयं ते पुरावा म्हणून ग्राह्य धरतात. छोट्या शहरात अडचण अशी की केंद्रंच आठ-दहा असतात. एवढ्या थोड्या ठिपक्यांवरून काढलेली रेषा सहज हलते. एका निवडणुकीवरून ‘अमुक समाज अमुककडे गेला’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. किमान तीन-चार निवडणुका एकत्र पाहाव्या लागतात.

सेल्मात ही मालिका बोलकी आहे. जोसेफ स्मिदरमन १९६४ मध्ये महापौर झाले आणि मतदारवर्ग बदलला, शहर कृष्णवर्णीय बहुसंख्य झालं, तरी थोड्या खंडाचा अपवाद वगळता २००० पर्यंत राहिले. जेम्स पर्किन्स ज्युनियर त्यांच्याविरुद्ध आधी हरले आणि सप्टेंबर २००० च्या दुसऱ्या फेरीत सुमारे ५७ टक्के मतं घेऊन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्या काळात मतं वंशाच्या रेषेवर स्पष्ट दुभंगलेली होती. आज शहरात ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत, प्रमुख उमेदवारही बहुतेक कृष्णवर्णीयच असतात. साहजिकच लढत आता प्रभाग, चर्च, घराणी, रस्ते-पाण्याची कामं आणि गुन्हेगारी यांच्याभोवती फिरते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डॅलस काउंटीची साधारण तीनपैकी दोन मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात, पण शहराची निवडणूक पक्षचिन्हाशिवाय होते, म्हणून तो आकडा इथे काहीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट या मालिकेत दिसते. २००० मध्ये स्मिदरमन हरले, २००८ मध्ये पर्किन्स जॉर्ज इव्हान्स यांच्याकडून हरले, २०१६ मध्ये इव्हान्स यांची जागा डॅरिओ मेल्टन यांनी घेतली आणि २०२० मध्ये मेल्टन यांना घरी पाठवून मतदारांनी पर्किन्स यांना परत आणलं. सत्तेवरचा महापौर पुन्हा पुन्हा बदलणारं शहर राजकारणाबद्दल बेफिकीर आहे, असं म्हणणं मला पटत नाही. तिथले लोक नाराज आहेत, आणि नाराजी मतपेटीतून व्यक्त करण्याची त्यांना सवय आहे.

मग तारीख. अलाबामात शहरांच्या निवडणुका ऑगस्टच्या चौथ्या मंगळवारी होतात. ऑगस्टमध्ये तिथे उकाडा असतो, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, आणि त्या दिवशी मतपत्रिकेवर शहराखेरीज दुसरं काहीही नसतं. पूर्वी निदान वर्ष अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं असायचं. २०२० चं मतदान २५ ऑगस्टला झालं तेव्हा नोंदणी मोहिमा, स्वयंसेवक, चर्चमधली घोषणा हे सगळं नोव्हेंबरसाठी आधीच फिरत होतं, त्याचा फायदा शहराला फुकट मिळायचा. २०२१ मध्ये विधिमंडळाने हे चक्र एक वर्ष पुढे ढकललं. २०२० ला निवडून आलेल्यांना पाचवं वर्ष मिळालं आणि पुढचं मतदान २६ ऑगस्ट २०२५ ला झालं. आता चक्र २०२५, २०२९, २०३३ असं आहे. राज्यपाल आणि विधिमंडळ २०२६ आणि २०३० ला, अध्यक्ष २०२८ आणि २०३२ ला. म्हणजे शहराच्या वाट्याला अशी वर्षं आली ज्यांत केंद्राचीही नेहमीची निवडणूक नाही आणि राज्याचीही नाही. चार वर्षांतलं राजकीयदृष्ट्या सगळ्यात निपचित वर्ष शोधून ते नगरपालिकेला द्यावं, तसं हे झालं आहे.

या बदलाच्या बाजूचा युक्तिवाद क्षुल्लक नाही, तो नीट मांडला पाहिजे. शहराचे प्रश्न राष्ट्रीय गदारोळात बुडू नयेत. एकाच वर्षात प्राथमिक, तिची दुसरी फेरी, शहर, शहराची दुसरी फेरी आणि नोव्हेंबर अशा पाच तारखा आल्या तर मतदार गोंधळतो. नगरलिपिकाच्या कार्यालयात दोन-तीन माणसं असतात, त्यांच्यावर भार पडतो. आणि जो खास शहरासाठी घराबाहेर पडतो त्याला उमेदवारांची माहिती जास्त असते, असंही म्हटलं जातं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात आदराने ऐकला जातो. ऑगस्टच्या मंगळवारी कोण येतं? ज्यांचं थेट काही अडकलेलं आहे ते: नगरपालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं, कंत्राटदार, घरमालक, निवृत्त लोक, उमेदवारांचे नातलग. यांना माहिती जास्त असते हे खरं. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दोन ठिकाणी काम करणाऱ्या तरुण आईला तिच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची माहिती कुणापेक्षा कमी नसते. तारीख बदलली की जाणत्यांऐवजी अडाणी येतात, असं होत नाही. हितसंबंध असलेल्यांच्या शेजारी बाकीचं शहरही रांगेत उभं राहतं. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून ज्या शहरांत स्वतंत्र तारखेमुळे टक्का फार घसरतो त्यांना राज्याच्या तारखेशी जोडून घ्यायला लावलं. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी त्याच वर्षी स्वतःची सनद बदलली आणि तिथल्या महापौरपदाच्या मतदानाचा टक्का दुपटीने वाढला. मतदान वाढवणारा एवढा मोठा आणि एवढा स्वस्त दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

तारीख हे हत्यार म्हणून वापरता येतं, हे दक्षिणेला चांगलंच माहीत आहे. जॉर्जियातल्या ऑगस्टा या मध्यम आकाराच्या शहराच्या निवडणुका नोव्हेंबरमधून उन्हाळ्यात हलवणारा कायदा २०१२ मध्ये राज्याने केला. मतदान हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार तेव्हा असा बदल आधी केंद्राकडून मंजूर करून घ्यावा लागे. डिसेंबर २०१२ मध्ये न्याय विभागाने हरकत घेतली: नोव्हेंबर सोडला की कृष्णवर्णीय मतदान गोऱ्यांच्या तुलनेत जास्त घसरतं. मग २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातल्या शेल्बी काउंटीच्या खटल्यात पूर्वमंजुरी कुणाला लागते हे ठरवणारं सूत्रच रद्द केलं. हरकतीचं बळ संपलं आणि ऑगस्टाने २०१४ ला मे महिन्यात मतदान केलं.

तो खटला ज्या काउंटीतून आला तिथलं कॅलेरा हे छोटं शहरही इथे आठवायला हवं. २००० ते २०१० या काळात त्याची लोकसंख्या ३,१५८ वरून ११,६२० झाली. नव्या वसाहती जोडताना प्रभाग नव्याने आखले गेले आणि एकमेव कृष्णवर्णीय नगरसेवक अर्नेस्ट माँटगोमेरी यांच्या प्रभागात कृष्णवर्णीय मतदार सत्तर टक्क्यांवरून तीसच्या आसपास आले. ऑगस्ट २००८ मध्ये केंद्र सरकारची हरकत असतानाही मतदान झालं, ते हरले. तडजोडीत नवी पद्धत ठरली: सहा जागा संपूर्ण शहरातून, पण प्रत्येक मतदाराला मत एकच. २००९ च्या फेरनिवडणुकीत माँटगोमेरी निवडून आले. शहर तेच आणि मतदार जवळजवळ तेच असताना पद्धत बदलल्याने निकाल उलटा लागला.

आता एका मतदाराचा मंगळवार जवळून पाहू. तो सेल्मात राहतो आणि राज्याची राजधानी असलेल्या माँटगोमेरी शहराजवळच्या एका कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पाळी करतो. मतदान केंद्र सात ते सात. सकाळी जाताना ते बंद असतं. अलाबामाच्या कायद्याने कामगाराला मतदानासाठी एक तासापर्यंत रजा मिळते, पण पाळी केंद्र बंद होण्याच्या किमान एक तास आधी संपत असेल तर मालकाला रजा द्यावी लागत नाही. याची पाळी बरोबर एक तास आधी संपते, म्हणून रजा नाही. माँटगोमेरी ते सेल्मा रस्ता ५४ मैल. १९६५ चा मोर्चा ज्यावरून चालत गेला तोच हा महामार्ग क्रमांक ८०. गाडीने तासभर. वाटेत पेट्रोलला थांबला तरी दार बंद झालेलं असतं.

अलाबामात मतदानदिवसाच्या आधी कुणालाही जाऊन मत देता येईल अशी सोय नाही. टपाली मतपत्रिका कारण दाखवूनच मिळते. मतदानाच्या वेळेतले किमान दहा तास व्यापणारी पाळी हे ग्राह्य कारण आहे, म्हणजे या माणसाला ती मिळू शकते. पण पायऱ्या पाहा. छापील अर्ज भरायचा, सोबत छायाचित्र ओळखपत्राची प्रत जोडायची. टपालाने पाठवायचा तर तो मतदानाच्या सात दिवस आधी पोहोचला पाहिजे, हाताने द्यायचा तर पाच दिवस आधी. मतपत्रिका आली की ती कोऱ्या गुप्त पाकिटात, ते पाकीट प्रतिज्ञापत्र छापलेल्या दुसऱ्या पाकिटात. त्यावर सही, आणि दोन साक्षीदारांच्या किंवा एका नोटरीच्या सह्या. मग तिसरं, पत्ता छापलेलं पाकीट. टपालाने मतदानाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोहोचलं पाहिजे. स्वतः नेऊन द्यायचं तर आदल्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत. साक्षीदाराची एक सही राहिली तर मत बाद. अध्यक्ष निवडायचा असेल तर माणूस हे सगळं करतो. प्रभाग पाचच्या नगरसेवकासाठी, तेही कुणी आठवण करून दिली नसताना, बहुतेक जण करत नाहीत. त्याला उदासीन म्हणायला माझं मन धजत नाही.

ओळखपत्राच्या सक्तीबद्दल मात्र संयमाने बोललं पाहिजे. अलाबामात ती २०१४ पासून आहे. २०१५ मध्ये राज्याने ३१ वाहन परवाना कार्यालयं बंद करण्याची घोषणा केली. त्यांतली बरीच सेल्माच्या आसपासच्या कृष्णवर्णीय बहुसंख्य काउंट्यांतली होती, आणि ओरड झाल्यावर ती महिन्यातून एक दिवस उघडायचं ठरलं. तो निर्णय निंद्य होता. पण राज्याराज्यांच्या अभ्यासांतून दिसतं की अशा सक्तीचा एकूण टक्क्यावरचा सरासरी परिणाम लहान असतो. ज्याच्यावर होतो त्याच्यावर तो पूर्ण होतो, म्हणून विरोध योग्यच. तरी टक्का वाढवायचा असेल तर सगळी शक्ती ओळखपत्रावर खर्च करून तारखेकडे दुर्लक्ष करणं ही चुकीची निवड आहे. चळवळीतल्या मंडळींना हे ऐकायला आवडत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक भक्कम उदाहरण आहे: १२ डिसेंबर २०१७ ची सिनेटची पोटनिवडणूक. विचित्र तारीख, हिवाळ्यातला मंगळवार, तरीही अलाबामात सुमारे ४० टक्के मतदान झालं. राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांचा अंदाज त्याच्या बराच खाली होता. डेमोक्रॅटिक उमेदवार डग जोन्स सुमारे २२ हजार मतांनी जिंकले आणि डॅलस काउंटीत चारपैकी जवळपास तीन मतं त्यांना पडली. मग तारखेला एवढं महत्त्व का द्यायचं? कारण त्या दिवशी तारखेचा अडथळा ओलांडायला देशभरातून पैसा आला, दारोदार फिरणारे आले, महिनाभर दूरचित्रवाणीवर दुसरा विषय नव्हता. मेहनत आणि पैसा ओतला तर वाईट तारखेलाही माणसं येतात, हे त्यातून सिद्ध होतं. नगरसेवकपदाच्या उमेदवाराकडे तो पैसा कधीच नसतो.

दुसऱ्या फेरीचा नियम हा शेवटचा धागा. पन्नास टक्क्यांहून अधिक मतं कुणालाच नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. २०२० ला सेल्माची दुसरी फेरी ६ ऑक्टोबरला झाली, आता अंतर चार आठवड्यांचं आहे. ज्या प्रभागाचा निकाल पहिल्याच फेरीत लागला तिथल्या नगरसेवकाची माणसं दुसऱ्या वेळी फिरत नाहीत, म्हणून तिथला मतदार महापौरासाठीही येत नाही. दोन प्रभागांत चुरस उरली असेल तर अख्ख्या शहराचा महापौर त्या दोन प्रभागांच्या रांगेवर ठरू शकतो. पसंतीक्रमाने मत देऊन एकाच दिवशी निकाल लावता आला असता, पण अलाबामाने २०२४ मध्ये त्या पद्धतीवर बंदी घातली. उरतो तो मर्यादा ४० टक्क्यांवर आणण्याचा मार्ग.

मराठी वाचकाला इथे आपलं चित्र आठवेल. भारतात नाव नोंदवून घ्यायला केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतो, २०२२ पासून वर्षात चार पात्रता दिनांक आहेत, मतदानाला सुट्टी असते. सेल्मातल्या पाळीवाल्याला हेवा वाटावा असं हे सगळं. पण मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, हेही आपणच पाहिलं. शहराच्या निवडणुकीची तारीख दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

सेल्मासाठी काय करता येईल? चालू सदस्यांची मुदत न छाटता मार्ग निघतो: ऑगस्ट २०२९ ला निवडून येणाऱ्यांना एकदाच तीन-सव्वातीन वर्षांची मुदत द्यायची आणि पुढचं मतदान नोव्हेंबर २०३२ ला, अध्यक्षपदाबरोबर घ्यायचं. २०२१ मध्ये एक वर्ष वाढवता आलं, तर एकदा कमीही करता येईल. काम काउंटीकडे जाईल, नगरलिपिकाचा भार उतरेल. अडचणी दोन, आणि दोन्ही खऱ्या. पहिली, प्रभागांच्या सीमा आणि काउंटीच्या केंद्रांच्या सीमा जुळत नाहीत. एकाच केंद्रावर दोन-तीन प्रकारच्या मतपत्रिका ठेवाव्या लागतील आणि चुकीची पत्रिका हाती पडण्याचा धोका राहील. त्यावर उपाय म्हणजे शहरापुरत्या केंद्रांच्या सीमा आधी प्रभागाला जुळवून घ्यायच्या आणि मतदाराला घरी कार्ड पाठवून प्रभाग कळवायचा. दुसरी, अलाबामाच्या नोव्हेंबरच्या पत्रिकेवर एका खुणेत संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय आहे. ती खूण केली की अनेकांना काम संपलं असं वाटतं, आणि शहराच्या जागांना पक्ष नसल्याने त्या रिकाम्या राहतात. म्हणून शहराची मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या स्वतंत्र कागदावर द्यावी. काही जण तरीही ती कोरी टाकतील. समजा नोव्हेंबरला ८,००० लोक आले आणि त्यांतल्या हजारांनी शहराचा कागद कोरा ठेवला, तरी ७,००० उरतात. ऑगस्टला ५,००० येणाऱ्या शहरासाठी हा तोटा नाही.

हे होईपर्यंत २०२९ च्या ऑगस्टसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. नोंदणी मतदानाच्या चौदा दिवस आधी बंद होते, तेव्हा नाव तपासण्याची मोहीम जूनमध्येच संपली पाहिजे. बारा तासांच्या पाळीच्या कारखान्यांबाहेर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टपाली अर्ज भरून घ्यायला बसलं पाहिजे. तिथे प्रत काढायचं यंत्र हवं, कारण अर्ज अडतो तो बहुतेक वेळा ओळखपत्राच्या प्रतीवर. २०२४ च्या राज्य कायद्यानुसार अशा अर्जासाठी पैसे देऊन किंवा घेऊन मदत करणं गुन्हा आहे, म्हणून तिथे बसणारी माणसं बिनमोबदला काम करणारीच असावीत आणि भरलेला अर्ज मतदाराने स्वतःच पाठवावा. वादळानंतर बाहेर गेलेल्यांना आपला हक्काचा पत्ता कोणता धरायचा, हे नोंदणी मंडळाकडून लेखी घ्यावं. आणि केंद्रावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात निष्क्रिय मतदाराचं काय करायचं याची एक पानी सूचना असावी.

तारीख बदलण्याचा अधिकार सेल्माच्या नगरपरिषदेला नाही. तो माँटगोमेरीतल्या विधिमंडळाला आहे आणि त्याची निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची आहे. त्यानंतर २०२९ च्या ऑगस्टआधी २०२७, २०२८ आणि २०२९ ची अधिवेशनं हाती उरतात. उमेदवार मत मागायला दारात येईल तेव्हा त्याला विचारायचा प्रश्न एवढाच: शहरांची निवडणूक नोव्हेंबरला नेणाऱ्या विधेयकाच्या बाजूने तुम्ही मतदान करणार की नाही, आणि करणार असाल तर कोणत्या अधिवेशनात?